जूनमधला स्वेटर

करामातली माझी शेजारीण राहते इथे आखातात, पण हवा जगते तिकडची. लेक जोहान्सबर्गला आहे, तिथले ऋतू उलटे. जानेवारीत आम्ही गारव्यात फिरायला निघालो की ही म्हणणार, "आजी, तिकडे उन्हाळा हो, काल गारा पडल्या!"

यंदा जूनमध्ये लेक बाळंत झाली आणि तिकडे थंडीची लाट आली. इथे रस्ते भाजत होते अन् ही डिंक तळत होती.

"अगं, या उन्हाळ्यात डिंकाचे लाडू?"

"बाळंतीण तिकडे कुडकुडतेय, आजी."

विमानतळावर निघाली तीसुद्धा लोकरीचा स्वेटर घालून. टॅक्सीवाला बघतच राहिला.

"उतरल्यावर बॅग उपसत बसू, की लेकीकडे धावू?"

वेडीच आहे. गळ्याजवळचं एक बटण राहिलं होतं, ते मी लावून दिलं.