राठोड सर आणि याडीचा घागरा

राठोड सर माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचे, आधी कपड्यांकडे. आर्णीच्या बाजारात एकदा ते एका धोतरवाल्या आजोबांच्या मागे चालत राहिले. आजोबा थांबले. "काहून बे, माह्या मागंमागं काहून येऊन राह्यला?"

"बाबाजी, जरा खाली बसून उठता का? धोतराच्या चुण्या पाहाच्या हायेत."

आजोबांनी काठी उचलली. सर मागे सरकले, पण नजर चुण्यांवरच.

किराणा दुकानाच्या वर त्यांचा ॲनिमेशनचा क्लास होता. कॉम्प्युटरमधल्या माणसांच्या अंगावरचं कापड खऱ्यासारखं कसं हलवायचं, ते आम्हाला शिकवायचे. वर्गात सगळ्यात गप्प मी. पुण्याच्या एका स्टुडिओने मला नोकरीसाठी चाचणी दिली होती: जड घागरा घातलेली मुलगी गिरकी घेऊन थांबते, एवढं कॉम्प्युटरवर करून दाखवायचं. नोकरी नाही मिळाली तर क्लास बंद आणि बी.एड., असं घरी ठरलेलं. आणि माझ्या पडद्यावर घागरा कधी पायांतून आरपार जायचा, कधी फुगून डोक्यापर्यंत.

"हा घागरा नाही बेटा, छत्री हाये," सर म्हणाले. "पोरगी उडून जाईन. तू खरा घागरा घालून फिर, मी शूटिंग घेतो. मंग ते पाहून जमव."

कॅमेऱ्यासमोर, मी? मी जमिनीकडे पाहत राहिले. सरांनी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सर उभे. मिशा, चौकड्यांचा शर्ट आणि खाली त्यांच्या याडीचा, म्हणजे आईचा, आरसे लावलेला बंजारा घागरा. माझ्या हातात मोबाइल देऊन त्यांनी गिरकी घेतली. घेर उठला, आरसे चमकले. सर थांबले, तरी घागरा थोडा पुढे जाऊन मग मागे आला. तेवढ्यात डबा घेऊन याडी वर आल्या.

"अरे, नाडा तं नीट बांध!"

त्यांचं बोलणं संपायच्या आत घागरा खाली. सर हाफ पँटमध्ये. मी घाईने मोबाइल खाली घेतला.

"बंद नको करू!" सर ओरडले. "पडल्यावर कापड कसं गोळा होते, ते घे!"

त्या व्हिडिओवरून माझी गिरकी जमली. पण स्टुडिओने मूळ शूटिंगही मागितलं. शेवट कापू का, असं मी सरांना चाचरत विचारलं.

"कायले? पुरं पाठव. शेवटचंच तं भारी हाये."

नोकरी लागली. नव्या ऑफिसात कोणाशी काय बोलायचं, याची मी बसमध्ये पुण्यापर्यंत तयारी करत होते. दारातच एक अनोळखी मुलगी धावत आली, तिच्या मागे आणखी तिघं-चौघं.

"ए, ते घागरावाले सर तुझेच ना? सांग ना, कसे आहेत ते?"

जेवणाची सुट्टी संपली, तरी मीच बोलत होते.