अक्कांना पोहायचं आहे

मानवी विकास म्हणजे आरोग्य, शिक्षण, उत्पन्न, असं आमच्या संघटनेच्या पत्रकात ठळक छापलंय. मेहरूण तळ्याकाठी रोज भेटणाऱ्या अक्कांकडे हे तिन्ही आहे: ठणठणीत तब्येत, पदवी, शिक्षिकेची पेन्शन. तरी त्या पोहणाऱ्या पोरांकडे टक लावून बसतात आणि बोलताना त्यांचे हात हवेतच पाणी कापत राहतात. लहानपणी शिरपूरकडे त्या तापीत पोहायच्या.

"बठ्ठं शे, भाऊ. फक्त पवाले भेटत नही."

मी खवळलो. "सगळं आहे आणि पोहायला मिळत नाही? कोण अडवतंय? पत्रक काढू!"

"पत्रक वाटीसन पवता येस का रे?" त्या खदखदून हसल्या.

परवा सकाळी काठावर आम्ही दोघंच होतो. अक्कांनी पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यात उतरल्या. तेवढ्यात त्यांच्या गल्लीतल्या बायका फिरायला आल्या.

"अक्का, या वयात मासोळी व्हायचं का?" एक म्हणाली, बाकीच्या हसल्या.

अक्का वाकल्या, त्यासाठीच आल्यासारखे पाय धुतले आणि वर आल्या.

अडवणारा एक कोणी असता तर त्याच्या दारात घोषणा दिल्या असत्या. हसण्याविरुद्ध कोणती देऊ?

साडीचा ओला काठ पिळून अक्का बायकांशी भाजीचे भाव बोलत बसल्या. त्यांचे हात मात्र पाणी कापतच होते.