एक काठी जास्तीची

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले. त्यांतले बरेचसे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण नांदेडला पोलीस निरीक्षक असताना आलेलं एका काठीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. सांगायला लागलो की ऐकणारे हसतात. त्या दिवशी मीही हसलो होतो, पण हातातला चहा संपायच्या आधीच ते हसू विरलं.

दुपारची वेळ होती. ठाणे अंमलदार आत आला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, बांबू चोरीला गेलाय म्हणतात."

"मग बांबूवाल्याकडं पाठव की. आपल्याकडं कशाला?"

तेवढ्यात दारातून एक गृहस्थ आत घुसलेच. ते लातूरचे क्रीडा प्रशिक्षक होते, सगळे त्यांना सर म्हणत. त्यांच्यामागे एक मुलगी आणि तिची आई. मायलेकी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. मुलगी बांबूउडी मारायची. हातात लांब पोल घेऊन धावत यायचं, तो जमिनीत रोवायचा आणि त्याच्या जोरावर आडव्या बारवरून पलीकडे जायचं, तो हा खेळ. कनिष्ठ गटाची आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा येत्या उन्हाळ्यात परदेशात होती. तिच्यासाठी भारताचा संघ निवडायची शेवटची चाचणी पंजाबात होती, आणि तिकडची गाडी नांदेडहून परवा सकाळी सुटणार होती. पोल डब्यात मावत नाही, तो सामानाच्या डब्यातून न्यायचा, त्याची सोय लावायला हे लोक आधीच येऊन पोचले होते. एका हॉटेलात जेवायला बसले, पोल बाहेर पायरीच्या कडेला आडवा ठेवला, आणि हात धुऊन बाहेर येतात तर पोल गायब.

मी मुलीला विचारलं, "दुसरा पोल घेऊन नाही का जमणार? तिथं कुणाचा तरी मिळेल."

ती बाकावर अगदी टोकाला बसली होती. म्हणाली, "न्हाई जमत साहेब. ती काठी माझ्या वजनाची हाय. कडक आसली तर मला वर घेतच न्हाई, नरम आसली तर कुठं फेकील सांगता येत न्हाई."

"आणि ही चाचणी हुकली तर?"

"पुढच्या साली माझं वय बसत न्हाई," एवढंच बोलली. तिची आई पदरानं तोंड झाकून रडायला लागली. माझ्या हातातला चहा मी तसाच खाली ठेवला.

फिर्याद लिहून घेतली, घटनास्थळाचा पंचनामा केला. गुन्हे शोध पथकाची दोन माणसं भंगारवाल्यांकडं आणि मंडप बांधणाऱ्यांकडं पाठवली, कारण एवढी लांब वस्तू चोरून दुसरं कोण काय करणार? हॉटेलमालकाला, पानवाल्याला, रिक्षावाल्यांना विचारलं, कुणी संशयित माणूस दिसला का? सगळ्यांनी मान हलवली. न्हाई साहेब, तसलं कुणीच न्हाई.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. बोलणारा म्हणाला, "ह्या पोरीच्या खाली जिचा नंबर हाय ना, त्या पोरीच्या बापाला इचारा. आज तो नांदेडातच हाय." आणि फोन बंद. माझा अनुभव असा, की निनावी फोन करणारा निम्मं खरं सांगतो. पण निम्मं कुठलं, ते तो सांगत नाही.

सरांना हे कळताच त्यांचा आवाज चढला. "तोच! मला आधीच वाटलं होतं. ही गेली नाही की त्याची पोरगी चाचणीला जाणार. राखीव म्हणून तिचंच नाव आहे."

हे गृहस्थ औशाजवळच्याच एका गावचे. घरची शेती आणि शाळेत शिक्षकाची नोकरी. मी फोन लावला तर म्हणाले, "मी शेतात हाय, पाणी देऊन राहिलोय." मागे सिटी बसच्या कंडक्टरची शिट्टी मला स्वच्छ ऐकू आली. शेतात सिटी बस जात नाही, एवढं मलाही कळत होतं. बस स्टँडवरच आमच्या माणसांनी त्यांना गाठलं आणि ठाण्यात आणलं.

चौकशीची माझी पद्धत साधी होती. माणसाला बसवायचं, चहा द्यायचा आणि आपण गप्प राहायचं. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही. यांनाही सोसली नाही. आधी म्हणाले, खताच्या कामाला आलो होतो. मग म्हणाले, पाहुण्यांकडं आलो होतो. पाहुण्यांचं नाव विचारल्यावर त्यांना घाम फुटला. बाहेर व्हरांड्यात सर मोठमोठ्यानं बोलत होते, ते आत ऐकू येत होतं. शेवटी त्यांनी मला दार लावायची विनंती केली.

"साहेब, मी ती काठी नेऊन काय करू? माझ्या लेकीच्या नडगीच्या हाडाला चीर पडलीय. पळणं दूर, तिला जिना उतरता येत न्हाई. लातुरात सगळे वळखीचे, म्हणून हितं हाडाच्या डॉक्टरकडं गुपचूप आणली. कळलं तर राखीवमधून बी नाव काढतील. माझ्या लहान बहिणीच्या घरी निजवलीय तिला."

खातरजमा केली. मुलीच्या पायाला प्लास्टर होतं. मला त्या बापाचा राग यायला हवा होता, पोलिसांशी खोटं बोलला म्हणून. आला नाही. वाईट मात्र वाटलं. मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, हे मी बाहेर सांगणार नाही. पण हाड लपवून जुळत नसतं." त्यांनी फक्त हात जोडले. बाहेर येऊन सरांना एवढंच सांगितलं, की यांचा संबंध नाही. सरांचा विश्वास बसला नाही, आणि कारण मला सांगता येत नव्हतं. साहेबाला गुंडाळलं त्यानं, असं सर माझ्या देखतच पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलसमोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्याचं चित्रण हातात आलं. नशीब असं, की नेमकी त्या वेळी मध्ये एक बस उभी होती. बस हलली तेव्हा पायरी मोकळी. आमची माणसं कंटाळून उठली. मी मात्र तेच ते पुन्हा बघत बसलो, कारण बसच्या खालून पाय दिसत होते. तीन-चार जण आले, थबकले. त्यातल्या एकानं चपला काढून बाजूला सारल्या. मग दुसऱ्यानं काढल्या. अनवाणी पाय पुढे सरकले, जरा वेळानं मागे आले आणि पुन्हा चपलांत शिरले.

चोर हातमोजे घालतो, तोंडाला रुमाल बांधतो. चोरी करण्याआधी चपला काढणारा चोर मी पाहिलेला नाही. चपला काढतो तो नमस्कार करणारा.

मी मायलेकींना बोलावून घेतलं. "पोल कशात गुंडाळला होता?"

आई म्हणाली, "माझ्या हिरव्या लुगड्याची खोळ शिवली व्हती, जरीचा काठ हाय त्याला. जीपच्या टपावरून लांब बाहेर येत व्हतं, म्हणून डायवरनं टोकाला लाल फडकं बांधलं. आन निघताना गावानं पूजा केली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला."

मी कपाळावर हात मारला. आदल्या दिवशी खंडोबाची यात्रा संपून माणसं गावोगावी परतत होती. आमच्या भागात कितीतरी गावांच्या देवाच्या काठ्या यात्रेला जातात. उंच काठी, तिला रंगीत वस्त्र, टोकाला निशाण, वर हार आणि हळद. वाटेत ती काठी जमिनीला टेकवत नाहीत, आडवी तर कधीच ठेवत नाहीत. आणि तिचं वस्त्र मधेच कुणी सोडून बघत नाही. हॉटेलच्या पायरीशी धुळीत आडवी पडलेली ती वस्तू यात्रेकरूंना काय वाटली असेल, हे उघड होतं. हॉटेलमालकाला पुन्हा विचारलं, काल यात्रेची माणसं आली होती का? तो म्हणाला, "हाव की, लई आली. हलगी वाजवीत व्हती. पण साहेब, तुम्ही संशयित माणसं इचारली व्हती."

ती माणसं बहुतेक बिलोलीच्या बाजूची होती, हेही त्यानंच सांगितलं. तिथल्या ठाण्याला फोन केला, त्यांनी गावोगावच्या पोलीस पाटलांना विचारलं. दुपारच्या जेवणाआधीच एका पोलीस पाटलाचा मला थेट फोन आला.

"साहेब, आमच्याकडं एक काठी जास्तीची आली हाय. कुण्या गावची बेवारस पडली व्हती, आमच्या माणसांनी उचलून आणली. काल सांजंपासून मालक शोधून राहिलो."

"अहो, मग पोलिसांना नाही का कळवायचं?"

"देवाच्या काठीचं पोलिसात काय सांगावं, साहेब?"

मायलेकी आणि सरांना जीपमध्ये घेऊन निघालो. देवळाच्या ओसरीवर गावची काठी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच मानानं, आमचा पोल. ताजा हार, भंडारा, समोर दिवा. मुलीनं तो पाहिला आणि हातानं तोंड दाबून धरलं.

मला वाटलं होतं, आता ताबा घ्यायचा आणि परतायचं. पण काठीचे मानकरी असलेले एक वयस्क आबा पुढे आले. "साहेब, आम्ही हिला आमच्या देवाशेजारी उभी केली. आरती केली. उद्या तिच्या गावची माणसं आली आन म्हणाली, आमची काठी कुठं हाय, तर काय सांगू? पोलीस घेऊन गेले म्हणू?"

आई म्हणाली, "आबा, माझं लुगडं हाय ते."

"माय, असलं लुगडं घरोघर हाय."

एव्हाना अख्खा गाव जमला होता. मला दरडावता आलं असतं. पण आबांचं म्हणणं मला पटत होतं. आम्ही तरी ओळख पटल्याशिवाय मुद्देमाल कुणाच्या हवाली करतो का?

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आबा, वळख मी पटवून देते. मला ती सोडू द्या."

आबांनी मान डोलावली. तिनं चपला काढल्या, काठीला हात जोडले, हार उतरवून देवापुढं ठेवला आणि खोळ सोडली. आतून फायबरचा चकचकीत पोल निघाला. लोक कुजबुजले, पण आबा म्हणाले, "हे कशाचं हाय, ते आम्हाला काय ठावं?"

देवळामागं खळ्यावर सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग होता, माणसाच्या डोक्याहून उंच. मुलीनं तो पाहिला आणि कुणाकडं तरी खुरपं मागितलं. ढिगाच्या अलीकडं तिनं जमिनीत खड्डा केला. सरांना कळलं तसे ते ओरडले, "वेडी झालीस का? पाय मुरगळला तर सगळं गेलं!"

"सर, तुमच्याकडं यायच्या आधी मी भुसकटावरच शिकले की."

तिनं अनवाणी पावलांनी अंतर मोजलं. पोल उचलला. मला त्या खेळातलं काही समजत नाही, पण ती धावायला लागली तसा मीही चार पावलं पुढं सरकलो. पोल खड्ड्यात गेला, वाकला, आता तुटतो की काय असं वाटलं, आणि ती पोरगी पाय आकाशाकडं करून वर गेली. ढिगाच्या माथ्याच्याही वर. क्षणभर ती कशाच्याच आधारानं नव्हती. मग ती भुसकटात पडली, दिसेनाशी झाली. सर धावत सुटले. ते पोचायच्या आतच भुसकटातून तिचं हसणं ऐकू आलं.

एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आगं माय! पोरगी उडली की!" आणि मग हलगी सुरू झाली.

आबांनी पोल स्वतः उचलून दिला. "ने पोरी, तुझीच हाय. पण देवाशेजारी राहिली हाय, मोकळी न्यायची न्हाई." गावातल्या बायांनी मुलीची ओटी भरली, पोलाला भंडारा लावून तो पुन्हा लुगड्यात गुंडाळला. लाल फडकंही बांधलं. चोरीचा उद्देश नसल्यानं गैरसमजाचा अहवाल पाठवून मी ते प्रकरण निकाली काढलं. ठरलेल्या गाडीनं ती पंजाबला गेली.

राखीव मुलीच्या वडिलांनी दुसऱ्याच आठवड्यात स्वतः निवड समितीकडं जाऊन तिच्या दुखापतीचं सांगून टाकलं. तेव्हा सरांना खरं कळलं. ते त्यांच्या घरी गेले आणि माफी मागून आले, असं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. आवाज या वेळी खाली होता.

गुन्हा घडला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, यात फायदा कुणाचा? प्रश्न बरोबर आहे. त्यानं माझे कितीतरी गुन्हे उघडकीला आले. पण त्या प्रश्नानं मला त्या दिवशी एका काळजीत पडलेल्या बापापर्यंत नेलं आणि तिथंच अडकवलं. त्यानंतर मी दुसराही प्रश्न विचारायला लागलो. ज्यानं ती वस्तू उचलली, त्याला ती काय वाटली असेल? साक्षीदारांनाही मी पुढं 'संशयित कोण दिसला' असं विचारणं सोडलं. 'कोण कोण दिसलं' असं विचारायला लागलो. नव्या पोरांना शिकवताना हे दोन्ही मी आवर्जून सांगत आलो.

मुलगी चाचणीत पास झाली आणि त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिथं तिला पदक मिळालं नाही. स्पर्धेच्या दिवशी मी घरीच मोबाइलवर बघत होतो. संपल्यावर बिलोलीकडच्या त्या पोलीस पाटलाचा फोन आला. देवळासमोर सगळा गाव एका मोबाइलभोवती गोळा होऊन बसला होता म्हणे.

"साहेब, आबा इचारून राहिलेत. पदक न्हाई म्हणत्यात, मग पोरीचं काय झालं? शेवटाला बार पडला ते आम्ही बघितलं. पर त्याच्या आधीची जी मारली, ती?"

मी सांगितलं, "त्याच्या आधीची तिच्या आयुष्यातली सगळ्यात उंच उडी होती. त्या उडीला बार हललासुद्धा नाही."

तिकडं पाटलांनी ते मोठ्यानं सांगितलेलं मला ऐकू आलं. मग फोन तसाच चालू राहिला आणि हलगी वाजायला लागली.