सासूबाईंचं यीस्ट

प्रयोगशाळेत तिला पाठीमागे सगळे सासूबाई म्हणत. लग्न तिनं केलंच नव्हतं. पण यीस्टला ती ज्या चिक्कूपणानं खायला घाली, त्यावरून नाव पडलं ते पडलं.

त्याला कारण होतं. यीस्टच्या पेशींत तिनं डीएनएचं एक कडं घातलं होतं. त्याच्यामुळे औषधाचं प्रथिन बनायचं, शिवाय त्या यीस्टला एरवी न जमणारं एक पोषणद्रव्यही. ते द्रव्य खाण्यातून वगळलं की कडं नसलेल्या पेशीची उपासमार ठरलेली. या कड्याच्या नकला गुणसूत्रापासून वेगळ्या, आपल्या आपण होत. एकेका पेशीत ढीगभर. तुकडा गुणसूत्रातच शिवून टाकायची दुसरी रीतही होती. मग गुणसूत्राबरोबर त्याचीही नक्कल होते, पण पेशीत बहुधा एकच. "एकच? हे तर भिकेचे डोहाळे," म्हणून तिनं ती कायम उडवून लावली.

निवृत्ती तोंडावर आली तेव्हा साहेबांनी तिचं यीस्ट मोठ्या टाकीत घालायची परवानगी दिली. जमलं तर औषध होणार. नाहीतर आयुष्यभराचं काम कपाटात.

टाकीवाला कनवाळू माणूस. वाढ मरतुकडी दिसली म्हणून त्यानं न विचारता सकस खाद्य ओतलं.

"ताई, बघा कसं फोफावलंय! तुम्ही पोरांना उपाशीच मारत होता."

फेस झाकणाला टेकला होता. प्रथिन नावापुरतं. आयतं मिळाल्यावर कड्याचं ओझं कोण वागवणार? पेशी दुभंगताना ज्यांच्या वाटणीला ते आलं नाही, त्यांनीच टाकी भरून टाकली होती.

त्याच्या कानाखाली वाजवावी असं तिला फार वाटलं. पण आपण घरी बसल्यावर इथं पहारा कोण देणार, हेही त्याच क्षणी डोक्यात आलं.

"साहेब, अजून एकदा."

"एकदाच," साहेब म्हणाले.

अभिमान गिळून तिनं तुकडा गुणसूत्रात शिवला; आता तो प्रत्येक पेशीच्या वाटणीला येणारच होता. पुन्हा टाकी, पुन्हा सुरुवातीची रोडकी वाढ. टाकीवाला सकस खाद्याचा डबा धरून दूरच उभा.

"घाला," ती म्हणाली.

यीस्ट फोफावलं. तपासणीत प्रथिन आलं. तिच्या स्वप्नातल्याहून बरंच कमी, पण पुरेसं. साहेबांनी मान डोलावली. तिला रडू फुटलं.

टाकीवाला घाबरला. "काय झालं ताई? जास्त पडलं का?"

"नाही हो," डोळे पुसत ती म्हणाली. "पोटभर घाला."