विरजण कोणी धुतं का?

बाटलीचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा, करंगळी बुडवून अंगठ्यावर चोळायची आणि समोरच्याकडे न बघताच म्हणायचं, "पानी कच्चं शे." की संपलं. मग तुम्ही डॉक्टर असा नाहीतर नगरसेवक, त्या दिवशी तुम्हाला मासा मिळायचा नाही.

इंदिरानगरात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर त्यांचं माशांचं दुकान होतं. खायच्या नव्हे, टाकीत पाळायच्या. माणूस सटाण्याकडचा. तीस वर्षं नाशकात काढून बोलणं शहरी झालं होतं, पण 'आहे'ला 'शे' म्हणणारं हे एक वाक्य गावाकडचंच राहिलं होतं. राग आला की बाकीचंही गावाकडचं यायचं, आणि राग त्यांना रोज यायचा.

राग मलाही येतो. पस्तीस वर्षं मी शाळेत पोरांवर ओरडले. माझ्यावर ओरडणारा माणूस मला पहिल्यांदा त्या दुकानात भेटला.

झालं असं, की आमच्या यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरी आणल्यावर हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. टीव्ही लावला की डोळे मिटायचे. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, "काकू, त्यांच्यासमोर काहीतरी हलतं ठेवा. नजर फिरली पाहिजे, मान वळली पाहिजे." मी त्याच संध्याकाळी दुकानात. एक टाकी द्या, दोन गोल्डफिश द्या, पिशवी भक्कम द्या.

"टाकी घेऊन जा. मासा नाही."

"म्हणजे काय?"

"चार आठवडे नुसता फिल्टर चालवा. रोज चिमूटभर खाणं टाका. दर शनिवारी बाटलीभर पाणी आणून दाखवा."

"मासाच नाही तर खाणं कोणाला घालू? तुम्हाला?"

"पाण्याला," ते म्हणाले. हसले नाहीत. मग स्वतःच्या टाकीतल्या फिल्टरचा काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज काढून त्याचा एक तुकडा कापून पिशवीत घातला. मी "शी!" म्हणाले. तेव्हा भडकलेच. "घाण नाही ती, विरजण आहे! दूध नुसतं ठेवून दही लागतं का, ताई? माशाची घाण पचवणारे जंतू आहेत यात. ते टाकीत रुजले की पाणी पक्कं झालं. त्याआधी मासा टाकलात तर स्वतःच्याच मुतात मरेल तो."

सांगा, एखादा दुकानदार गिऱ्हाइकाशी असं बोलतो का?

चार आठवडे मी रिकाम्या टाकीला जेवू घातलं. शेजारच्या वहिनी येऊन टाकीत वाकून बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. त्यांनी सोसायटीत काय सांगितलं ते मला कळलंय. आणि दर शनिवारी मी बाटली घेऊन भर उन्हात दुकानात. ते वास घ्यायचे, नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, पाणी हिरवं व्हायचं आणि "पानी कच्चं शे."

तिसऱ्या शनिवारी माझं डोकं फिरलं. भर दुकानात ओरडले, "अहो, घरात माझा माणूस भिंतीकडे बघून सुकत चाललाय! पन्नास ठिकाणी मासे मिळतात, बरणीत घालून देतात!"

ते शांतपणे नळी धूत होते. म्हणाले, "माहीत आहे. आणि आठ दिवसांत तो मासा उताणा तरंगतो. साहेबांना तेच दाखवायचंय का?"

मी बाटली पिशवीत कोंबली आणि निघाले.

पण आपण एकट्याच बोलणी खात नाही, हे त्या महिन्यात मला कळलं. एक साहेब चाळीस गोल्डफिश मागायला आले. मुलीच्या वाढदिवसाला प्रत्येक पोराला एकेक मासा, पिशवीत, रिबीन बांधून. दुकानदारांनी विचारलं, "चाळीस टाक्या आहेत का?" साहेब हसले. त्यांनी हात दुकानाबाहेर दाखवला. दुसऱ्या एका बाईंना वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा मासा हवा होता. आधीचे मेले होते, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. मासा मेला म्हणजे घरावरचं संकट घेऊन गेला म्हणे. "संकट नाही गेलं, बाई," ते म्हणाले, "संकट तुम्ही आहात. मासा गेला." बाई तणतणत गेल्या. मी बाटली धरून उभी होते. मला मनातून इतकं बरं वाटलं, की विचारू नका.

पाचव्या शनिवारी थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहिलं. ते चांगलं असतं. "चालेल," एवढंच म्हणाले, आणि दोन मागितले असताना एकच मासा दिला. लाल, शेपटीला पांढरं टोक.

पिशवीतला मासा टाकीत सोडला आणि मी स्वयंपाकघरात गेले. परत येते तर यांची मान भिंतीकडून वळलेली. मासा डावीकडे गेला की डोळे डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. चार महिन्यांत पहिल्यांदा माणूस कशाच्या तरी मागे गेला होता. मी तशीच दारात खाली बसले आणि रडले, झालं.

आता माझा मूर्खपणा ऐका. दोनेक महिन्यांनी चंद्रग्रहण आलं. आमच्याकडे ग्रहण सुटलं की घरातलं साठवणीचं पाणी ओतून देतात. सकाळी उठून मी हंडा ओतला, माठ ओतला, पिंप ओतलं. आणि मग टाकी. ग्रहण काय फक्त माठालाच लागतं? माशाला बादलीत ठेवलं, टाकी घासून लख्ख केली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला आणि ताजं पाणी भरून मासा परत सोडला. इतकी स्वच्छ टाकी मी आजवर पाहिली नव्हती.

दुपारपर्यंत मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला. मग कलला. हे माझ्याकडे बघून डाव्या हाताने पलंगाची कड आपटत होते. बोलता येत नाही आणि समोर मासा मरतोय. मी दुकानात फोन केला.

दहा मिनिटांत आले. स्कूटरवर पायांत दोन कॅन, दुकानातल्या जुन्या पाण्याचे. कॅनमधलं पाणी बादलीत ओतून माशाला त्यात घेतलं, टाकी बघितली, स्पंज हातात घेतला आणि त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. "विरजण धुतलं! अहो, शिकल्यासवरल्या बाई तुम्ही! विरजण कोणी धुतं का?"

"ग्रहण होतं..."

"ग्रहण चंद्राला लागलं होतं! माशाला तुम्ही लागलात!"

मी पस्तीस वर्षांची मास्तरीण, खाली मान घालून उभी. आवाज ऐकून वहिनी आल्या, बादलीतल्या माशाकडे बघून मला म्हणाल्या, "जाऊ द्या हो. गेला तर भाऊजींवरचं घेऊन जाईल."

दुकानदार सावकाश वळले. "वहिनी, साहेबांचं आजारपण साहेबांचं आहे. याला बिचाऱ्याला त्याचं त्याचं पोट आहे. त्याला कशाला पाठवता?"

पलंगावरून आवाज आला. "हां." आमचे हे. झटक्यानंतरचा तो पहिला धड शब्द.

संध्याकाळ होईपर्यंत ते बादलीपाशी मांडी घालून बसले होते, मगाने पाणी थोडं थोडं बदलत. चहा दिला तर थंड होऊ दिला. दिवेलागणीला मासा सरळ झाला. मला म्हणाले, "आता परत पहिल्यापासून. शनिवारी बाटली." आमच्या यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

पाच वर्षं झाली त्याला. मासा तळहाताएवढा झाला, टाकी दोनदा मोठी केली. आमचे हे थोडं चालतात, चारदोन शब्द बोलतात. मी मात्र शनिवार चुकवला नाही. आणि पाच वर्षांत त्या माणसाने माझ्या पाण्याला "चालेल"च्या पुढे एक अक्षर दिलं नाही. मी मुद्दाम विचारायचे, "पक्कं झालं का?" ते पुढची बाटली उघडायचे.

गेल्या महिन्यात एका शनिवारी दुकानात गर्दी होती. "ठेवून जा, बघतो," म्हणाले. मंगळवारी सकाळी ते गेले. छातीत दुखलं, संपलं.

बायको-मुलं नव्हती. गावाहून थोरले भाऊ आले, सगळं उरकलं, शटर ओढलं आणि जाताना मेन स्विच बंद केलं. गुरुवारी मला हे कळलं. आत तीस टाक्या आणि हवेचे पंप बंद! मी घरी येऊन सांगितलं तर आमच्या यांनी काठीने दाराकडे दाखवलं. "जा."

भाऊ जवळच्याच नातेवाइकांकडे उतरले होते. हात जोडून म्हणाले, "ताई, सुतक शे. तेराव्यानंतर उघडू."

"सुतक तुम्हाला आहे. मासे तुमच्या गोत्रातले आहेत का?"

"पण रीत..."

"रीत मला सांगू नका! रीत पाळून मी एक मासा मारत आणला होता. तुमच्या भावाने त्याच्यापाशी दिवस काढला होता. चावी द्या, नाहीतर शटर तोडायला माणूस आणते!"

म्हातारे घाबरले आणि किल्ल्या घेऊन निघाले. शटर वर गेलं तसा वास आला. खालच्या रांगेतल्या पाच टाक्या गेल्या होत्या. बाकीचे सगळे वर येऊन तोंडं उघडत होते. मी मेन स्विच ओढलं, पंप घुरघुरले, बुडबुडे सुटले, आणि मी शिव्या देत होते. कोणाला ते मलाही माहीत नव्हतं.

गल्ल्यामागच्या फळीवर शनिवारच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर पांढरी पट्टी, तिच्यावर पेनाने नाव आणि निकाल. कच्चं. कच्चं. बदला. कच्चं. शेवटची माझी. तोंडावर मला ताई म्हणायचे, पट्टीवर लिहिलं होतं: "मास्तरीणबाई. पक्कं. यांच्या घरचं विरजण दुसऱ्याला द्यायला चालेल."

मी ती बाटली हातात धरून ओरडले, "तोंडाने सांगायला काय जात होतं हो तुमचं?"

भाऊ दचकले. "ताई, मला म्हणता का?"

"तुम्हाला नाही," मी म्हणाले, आणि डोळे पुसून त्यांना मेलेले मासे काढायला जाळी दिली. फिल्टरला हात लावायचा नाही, हे तीनदा बजावलं.