नानांचा हूं

एका माणसाला मी दोन ओळींच्या प्रोग्रॅमने पुसून टाकलं होतं. तेही स्वतःच्या सासऱ्यांना, आणि वर पाठ थोपटून घ्यायला सासूबाईंपुढे जाऊन बसले. नातवंडं हे ऐकून खिदळतात. खिदळू देत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात एका कॉम्प्युटर क्लासवर मी शिकवायचे. पुण्याच्या दिरांनी आणलेल्या सीडीवरून पायथन नावाची भाषा नुकतीच शिकले होते आणि चाळिशीतल्या बाईला शोभणार नाही इतकी फुगले होते. कुणी पापड लाटायला बोलावलं तरी विचारायचे, "प्रोग्रॅम लिहू का?"

घरात एक कॅसेट होती. तिच्यात अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, एक कहाणी सांगतात. आमच्याकडे कहाणी सांगायची तर समोरच्याने हुंकार भरायचा, नाहीतर सांगणारी तोंड मिटते. कॅसेटमध्ये हुंकार भरत होते नाना, माझे सासरे. ते गेल्यावर त्यांचा तेवढाच आवाज घरात उरला होता. फीत खरखरायला लागली म्हणून मी सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करून घेतलं, मधले 'हूं'सुद्धा. पुढच्याच आठवड्यात टेपरेकॉर्डरने फीत गिळली.

कागदावर मात्र कहाणी भिंतीसारखी दिसे. पूर्णविराम द्यायचा कुठे? अक्का श्वास घ्यायला थांबतील तर ना! मग मला साक्षात्कार झाला: अक्कांचं वाक्य संपलं की नाना 'हूं' म्हणतात. पायथनमध्ये मजकुराचे तुकडे पाडणारा स्प्लिट नावाचा हुकूम असतो; त्याला सांगितलं, 'हूं' दिसला की तोड. क्षणात वाक्यं सुटी झाली, ओळीखाली ओळ. स्प्लिट ज्याच्यावर तोडतो त्यालाच खाऊन टाकतो, हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवायचे. शिकवायचे! आणि फाइल जुन्याच नावाने सेव्ह केली, म्हणजे मूळ प्रतही पुसली.

अक्कांना वाचून दाखवलं. तुरीची डाळ निवडता निवडता त्यांचा हात ताटावर थांबला.

"कहानी तर बठ्ठी शे," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या; बठ्ठी, म्हणजे सगळी. "पन मी सांगी कोनले ऱ्हायनू?"

मी कागद पुन्हा पाहिला: एकही 'हूं' उरला नव्हता. तशीच चपला सरकवून क्लासवर पळाले. निदान एवढं सुचलं, की जिथे ओळ संपते तिथेच 'हूं' होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो परत जोडला, छापून आणला आणि संध्याकाळी पुन्हा वाचायला बसले, नानांसारखा घोगरा 'हूं' काढत. अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या, त्याच पदराने डोळेही टिपत होत्या. शेवटची ओळ वाचली, 'हूं' म्हटलं, तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं.

"शेवटला हूं खोटा शे, माय. तवलोंग तुम्हना नाना झोपी जायेल व्हतात. पन ऱ्हाऊ दे."