दुसऱ्याच्या पिशवीत डोकावताना

मला शोधता येतं. हे मी आजही छातीठोकपणे सांगते. खराडीच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीममध्ये होते, तेव्हा कुणाच्या स्क्रीनवर अगम्य एरर आली की लोक मॅनेजरकडे न जाता माझ्या डेस्कपाशी यायचे. सर्च इंजिनात कोणते शब्द टाकायचे, कोणते गाळायचे, अवतरणचिन्हं कुठे घालायची, हे माझ्या हातात बसलं होतं. पहिल्या तीन दुव्यांत उत्तर सापडलं नाही तर मला अपमान झाल्यासारखं वाटायचं. त्यामुळे तिसरीत गेल्यावर माझ्या मुलीचं बोलताना अडखळणं वाढलं, तेव्हा मी काही घाबरले नाही. म्हटलं, शोधू की.

घरात सासूबाईंचं निदान तयार होतं. कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की त्या नातीला शेजारी बसवून श्लोक आणि पाढे म्हणवून घेत. तिथे ती एकदाही अडखळत नसे. "पंधरापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणते," सासूबाई म्हणायच्या, "आणि पाणी मागताना बरी जीभ अडकते! लाड झालेत, दुसरं काही नाही. पाठांतर वाढवा." एरवी त्यांचं म्हणणं मला सहजासहजी पटत नसे, पण हा पुरावा मलाही बिनतोड वाटला. जीभ पाढ्यांना चालते म्हणजे जिभेत बिघाड नाही. मग उरला तो फक्त आत्मविश्वास. आम्ही दोघींनी मिळून, पहिल्यांदाच एकमताने, तिचं पाठांतर दुप्पट केलं.

त्याच सुमाराला शाळेत गोष्ट सांगण्याची स्पर्धा जाहीर झाली. शनिवारी दुपारी ती दप्तर न काढताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मला गो... गो..."

तिची मान ताठ झाली, डोळे घट्ट मिटले. मला बघवेना.

"गोष्ट सांगायची नाहीये ना? नको सांगूस. मी बाईंना चिठ्ठी देते."

ती गप्प राहिली. गप्प म्हणजे होच, असं मी धरलं. चिठ्ठी लिहिली, सोमवारी तिच्याबरोबर पाठवली आणि लेकीची सुटका केली म्हणून स्वतःवर खूशही झाले.

मग शोध सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात मी टाइप करायचे. तोतरेपणा, उपाय. तोतरेपणा, कायमचा उपाय. शब्दांची माझी सगळी कसरत करून झाली. उत्तरं ढिगाने येत होती आणि प्रत्येकाकडे खात्री होती. कुणी सात दिवसांत बरं करून देत होतं, कुणी जिभेखाली काहीबाही ठेवायला सांगत होतं, कुणाचा कोर्स सवलतीत होता. महिनाभर मी हे वाचत होते आणि मुलगी घरात दिवसेंदिवस कमी बोलत होती. आधी वाक्यं कमी झाली, मग नुसतं मान हलवणं आलं.

माझ्या शेजारच्या डेस्कवर अमरावतीकडची एक मुलगी बसायची. कॅम्पसमधून नुकतीच लागलेली, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि तोंडाची फटकळ. एके दिवशी तिने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं.

"काहून मशीनच्याच मागं लागता मॅडम? माणसाले विचारा नं."

"कुठल्या माणसाला?"

तिने माझ्या हातातला माउस घेतला आणि एक साधीशी साइट उघडली. लोकांना नेटवर काही उपयोगाचं दिसलं की ते तिथे साठवून ठेवत, त्याला स्वतःच्या आठवणीसाठी दोन-चार खुणेचे शब्द चिकटवत, आणि ही सगळी साठवण कुणालाही पाहता येई. एखादं पान कुणी साठवलंय ते दिसे, आणि त्याच्या नावावर टिचकी मारली की त्याचा सगळा संग्रह उलगडे.

मला खरं तर हसू आलं. कुणी आळशी माणसाने 'नंतर वाचू' म्हणून टाकलेला कचरा मी कशाला उपसू? पण मग मला मंडईतल्या सासूबाई आठवल्या. त्या आत शिरण्याआधी दाराशी थांबतात आणि बाहेर पडणाऱ्या बायकांच्या पिशव्यांत डोकावतात. चांगली मेथी दिसली की, "अहो, ही कुठल्या गाळ्यावरची?" आत ओरडणाऱ्यांपैकी कोण खरं बोलतो हे कळायला त्यांना तेवढं पुरतं. त्यांच्या या सवयीची मला कायम लाज वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यातली अक्कल दिसली.

मी एक नाव पकडलं. नाव कसलं, अक्षरं आणि आकडे. बाई होती की बुवा, कुठल्या देशातली, काही कळायला मार्ग नव्हता. पण या माणसाने अडखळत बोलण्याविषयी दोन-तीन वर्षं पानं साठवली होती, आणि मी सगळ्यांत जुन्या पानापासून वाचत निघाले. सुरुवातीच्या इंग्रजी खुणा माझ्या शब्दांसारख्याच होत्या: उपाय, लवकर, खात्री. तीच सात दिवसांची पानं, जी मीही उघडून बसले होते. मग काही महिने उपाय हा शब्द विरळ होत गेला. त्याजागी मुलगा आला, शाळा आली, 'शिक्षकांना दाखवण्यासाठी' असं आलं. आणि मध्येच एका पानावर एकच खूण होती: माझी चूक.

सर्च इंजिनात मी हजार गोष्टी टाइप केल्या असतील. 'माझी चूक' असं कधीच टाइप केलं नसतं.

ते पान एका मोठ्या झालेल्या तोतऱ्या माणसाने घरच्यांना उद्देशून लिहिलेलं होतं. गाताना किंवा पाठ केलेलं म्हणताना आमच्यापैकी पुष्कळजण अडखळत नाहीत, त्यावरून आम्ही ढोंग करतो असं ठरवू नका, असं त्यात होतं. आणि पुढे: आमची वाक्यं तुम्ही पूर्ण करू नका. तुम्ही चुकीचं पूर्ण केलंत, तरी पुन्हा पहिल्यापासून बोलण्यापेक्षा आम्हाला मान डोलावणं सोपं जातं.

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. डबा तसाच झाकून ठेवला.

एक सांगून टाकते, म्हणजे मी सर्च इंजिनावर उलटले असा कुणाचा समज नको. एररचा नंबर हातात असेल तर मी आजही तिथेच जाते. काय हवंय ते ठाऊक असलं की त्याच्यासारखा नोकर नाही. पण आपला प्रश्नच चुकला असेल तर ते तोंडावर सांगत नाही. चुकीच्या प्रश्नाची झकास उत्तरं आणून देतं. त्या अनोळखी माणसाच्या पिशवीत मला उत्तर मिळालं नाही. त्याचा प्रश्न कसा बदलत गेला ते दिसलं, आणि मला तेच हवं होतं. ती साइट पुढे बंद पडली. त्या माणसाचे आभार मानायचे राहूनच गेले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्या रविवारी मी ओट्याशी मेथी निवडत होते. मुलगी येऊन उभी राहिली.

"आई, तू बा... बा..."

शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी दातांखाली जीभ धरली. कुकरची शिट्टी झाली, तरी मी हलले नाही. सासूबाईंनी दारातून "काय गं?" म्हणून विचारलं, त्यांनाही मी हातानेच थांबवलं.

"तू बाईंना चि... चिठ्ठी का दिलीस?"

"तुला गोष्ट सांगायची नव्हती ना?"

"मी कु... कुठे म्हटलं असं?"

मी तिला जवळ घेऊन रडले. लपवत नाही. महिनाभर जगभर शोधत फिरले, आणि घरात दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला तेवढं विचारलं नव्हतं.

स्पर्धा अजून व्हायची होती. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, तिचं नाव परत घाला म्हणून सांगायला मी तिला घेऊन शाळेत गेले. बाई वर्गाच्या दाराशीच भेटल्या.

"अहो, नको म्हणून आपणच तर लिहून दिलंत," त्या म्हणाल्या. "आणि तीन मिनिटांची मर्यादा आहे. मुलं हसतील, तिला त्रास होईल. जमेल का तिला?"

बाईंनी विचारलं मला होतं, आणि उत्तरही माझ्याजवळ तयार होतं. मी मुलीकडे पाहिलं आणि गप्प राहिले. बाईंनीही मग तिच्याकडे पाहिलं. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं आमच्यामधून धावत वर्गात शिरली.

"माझी गोष्ट मो... मोठी आहे, बाई," मुलगी म्हणाली. "ती तीन मि... मिनिटांत नाही व्हायची."